जर्मन डिस्चार्ज लेटरमधला 'एचडब्ल्यूआय' इंग्रजीत कसा लिहावा? (अन् बाकीचे फसवे मेडिकल शब्द)

पऱ्हाटीफूल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली. लग्नाआधी नागपूरले जर्मन शिकली, आता घरूनच जर्मन कागदांचं इंग्रजी करून देते, त्यातही जास्त करून दवाखान्याचे कागद. पण आज जे विचारायचं आहे ते गिऱ्हाइकाचं नाही, माझ्या सख्ख्या मामाचं आहे, म्हणून जरा लांबण लागेल, वाचजा शेवटपर्यंत.

मामा ६४ वर्षांचे. पोराकडे जर्मनीत गेले होते, श्टुटगार्टजवळ, नातू पाहायले. तिथं निमोनिया झाला, सहा दिवस भरती होते, बरे होऊन आले अन् येताना चार पानांचं पत्र घेऊन आले. तिकडे त्याला आर्ट्स्टब्रीफ म्हणतात, म्हणजे दवाखान्याच्या डॉक्टरनं पुढच्या डॉक्टरले लिहिलेलं पत्र, आपल्या डिस्चार्ज कार्डासारखं पण लय सविस्तर. मामेभावानं घाईघाईत एका एजन्सीकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं, त्यांनी वर स्वतःच एक समरीपण टाकून दिली. वर्धेच्या डॉक्टरांनी ती वाचली तर त्यात काय, हार्ट फेल्युअर, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं), लहानपणापासून एंजायना (हृदयाले रक्त कमी पडून छाती दुखणं), अन् २०१९ ले हार्ट अटॅक येऊन गेलेला! डॉक्टर तरी काय करतील, त्यांनी कागद पाहून नागपूरले एंजिओग्राफीची चिठ्ठी दिली. त्या दिवसापासून मामा वावरात गेले नाहीत. कापूस फुटून पांढरा झाला अन् माणूस बाजेवर बसून छातीवर हात ठेवून राहते. जिना चढायले भेते. मामी मले फोनवर रडली.

मी मूळ जर्मन पत्राचे फोटो मागवले. पहिल्याच पानावर तपासणीची ओळ अशी: आरआर १६५/९५, एचएफ ८८, एएफ २२, टेम्प ३८,९. आता यातलं एकही अक्षर इंग्रजीतलं समजून वाचायचं नसते. जर्मनमधला आरआर म्हणजे रिव्हा-रोची, ज्यानं बीपी मोजायचा पट्टा काढला त्याचं नाव, म्हणजे सरळ बीपी. एचएफ म्हणजे हेर्त्सफ्रेक्वेन्त्स, हार्ट रेट. एएफ म्हणजे आटेमफ्रेक्वेन्त्स, श्वासाचा वेग. इंग्रजी डॉक्टर आरआर म्हणजे श्वास समजते, एचएफ म्हणजे हार्ट फेल्युअर अन् एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. तीन मोजमापं होती, त्यातल्या दोनाचे हृदयाचे आजार करून ठेवले. मामाले फक्त १०२ ताप, वाढलेलं बीपी अन् धाप होती, निमोनियात असते तसं.

एंजायनाचं तर मले लय वाईट वाटलं. पत्रात आहे, लहानपणी वारंवार आंगिना. जर्मनमध्ये नुसतं आंगिना म्हटलं की टॉन्सिल सुजणं, घसा धरणं. हृदयाचं सांगायचं असलं तर ते आंगिना पेक्टोरिस असं पूर्ण लिहितात. दोन्हीच्या मुळाशी लॅटिनमधला आवळण्याचाच शब्द आहे, एकात गळा आवळते, एकात छाती. पण सात-आठ वर्षांच्या पोराले छातीचा एंजायना कसा होईल, एवढा तरी विचार करायचा.

हे सगळं मी सुधारलं. आता अडलं ते इथं. जुन्या आजारांत लिहिलं आहे: 'त्सुष्टांट नाख एचडब्ल्यूआय २०१९'. त्सुष्टांट नाख म्हणजे 'हे होऊन गेलेलं'. पण एचडब्ल्यूआय जर्मनमध्ये दोन होतात. एक हार्नवेग्सइन्फेक्ट, लघवीच्या मार्गाचा इन्फेक्शन. दुसरा हिंटरवांटइन्फार्क्ट, हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक. एजन्सीनं दुसरा धरला. मले पहिला वाटते. पण मले वाटणं हा पुरावा नाही. कोणी सांगेल का कसं ठरवावं?

वरुडचा_संत्रा

ताई, राग नका मानू पण एवढं कायले करता? आता मोबाईलनं फोटो काढला की मिनिटात भाषांतर येते. माझा साळा हांबुर्गले आहे, त्याचे कागद मी असेच वाचतो. पैसे देऊन एजन्सी करा, मंग ताईनं पुन्हा करा, यात वेळच जाते.

पऱ्हाटीफूल

दादा, राग काहून येईल. मोबाईल मीपण वापरते, अन् पूर्ण वाक्य असलं तर तो चांगलंच करते, खोटं नाही बोलणार. पण दवाखान्याच्या पत्रात पूर्ण वाक्यं असतात कुठं? अर्धं पत्र आखूड अक्षरांचं. अन् जिथं वाक्य असते तिथंही पाहा, पोटाच्या तपासणीत लिहितात 'वाइश, काइन द्रुकश्मेर्त्स'. अक्षरशः केलं तर 'मऊ, दाबाचं दुखणं नाही'. इंग्रजी डॉक्टर त्याला नो टेंडरनेस म्हणते, म्हणजे पोट दाबलं तर दुखत नाही. 'दाबाचं दुखणं नाही' वाचून कोणाले काय समजेल? तसंच औषधात लिहिलं होतं 'काल्कुलिर्ट आंटिबिओझे'. एजन्सीनं केलं कॅल्क्युलेटेड अँटिबायोसिस. खरं म्हणजे एम्पिरिकल अँटिबायोटिक, जंतू कोणता हे कल्चरनं कळायच्या आधी, अनुभवावरून सुरू केलेलं औषध. हे वाक्य चुकलं तर पुढच्या डॉक्टरले कळतच नाही की जंतू सापडला होता की नव्हता.

तालुक्याचा_डॉक्टर

ताई, ग्रामीण रुग्णालयात बसतो, एवढ्यावरून मत देतो. पेशंट न पाहता निदान करत नाही, पण कागद कसा वाचावा ते सांगू शकतो.

तुमच्या पत्रात इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आहे का? ६४ वर्षांचा माणूस, बीपी वाढलेलं, निमोनिया, अशा वेळी तिकडे इको केलेला असू शकतो. जुना अटॅक असेल तर बऱ्याचदा त्या भिंतीची हालचाल कमी झालेली दिसते अन् ते लिहितात. ईसीजीमध्ये टू, थ्री, एव्हीएफ या लीडमध्ये क्यू वेव्ह, म्हणजे जुन्या अटॅकची खूण, दिसू शकतात. दुसरं, औषधांची यादी पाहा. अटॅक येऊन गेलेल्या माणसाले अॅस्पिरिन अन् स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) नसणं फार विचित्र.

अजून एक. समजा अटॅकच असता, तरी 'पोस्टीरिअर वॉल' असं शब्दाले शब्द करणं बरोबर ठरलं नसतं. जर्मन लोक जुन्या पद्धतीनं हिंटरवांट, म्हणजे मागची भिंत म्हणतात, ती बहुतेक वेळा आपली इन्फीरिअर वॉल, म्हणजे खालची भिंत, असते. हे मी एका जर्मनीहून आलेल्या पेशंटच्या ईसीजीवरून शिकलो, कागदावर मागची भिंत अन् ईसीजी सगळा खालच्या भिंतीचा.

पऱ्हाटीफूल

डॉक्टरसाहेब, लय उपकार. इको आहे, तिसऱ्या पानावर. लिहिलं आहे, डाव्या कप्प्याचं काम चांगलं, 'काइन रेगिओनालेन वांटबेवेगुंग्सश्ट्योरुंगन', म्हणजे नो रीजनल वॉल मोशन अॅबनॉर्मॅलिटी. घरी जायच्या औषधात अँटिबायोटिकचे उरलेले दिवस अन् रामिप्रिल ५ मिग्रॅ १-०-०. एवढंच. अॅस्पिरिन नाही, स्टॅटिन नाही.

तालुक्याचा_डॉक्टर

रामिप्रिल बीपीलेही देतात अन् अटॅकनंतरही, त्यावरून काही ठरत नाही. पण इको अन् यादी दोन्ही लघवीच्या बाजूनं बोलून राहिले. तरी इंग्रजीत 'यूरिनरी इन्फेक्शन' असं ठासून लिहू नका. मूळ अक्षरं तशीच ठेवा, कंसात दोन्ही अर्थ टाका अन् 'खात्री व्हायची आहे' म्हणून लिहा. आम्हाले अंदाजापेक्षा प्रश्नचिन्ह परवडते. प्रश्नचिन्ह दिसलं की आम्ही ईसीजी काढतो. ठाम वाक्य दिसलं की आम्ही त्याच्यावर पुढचं बांधतो.

औषधीवाला_पुसद

मेडिकल चालवतो. १-०-१ ची पद्धत तिकडेही आपल्यासारखीच आहे हे पाहून मले पहिल्यांदा बरं वाटलं होतं. सकाळ-दुपार-संध्याकाळ, अन् कधी चौथा आकडा रात्री झोपतानाचा. पण बाकी गोष्टी सांभाळा. आपण 'एसओएस' लिहितो तिथं ते 'बे बे' लिहितात, बाय बेडार्फ, लागलं तर. एकदा एका माणसाले हे रोज घ्यायचं वाटलं होतं.

'ए एस एस १००' म्हणजे अॅस्पिरिन, आत्सेटिलझालित्सिलझॉयरे, ते आखूड नाव आहे. मेटामिझोल म्हणजे आपल्याकडचे जुने लोक ज्याला अनाल्जिन म्हणून ओळखतात ते, तिकडे दुखण्यावर सर्रास देतात. मार्कुमार हे रक्त पातळ करायचं औषध, आतला घटक फेनप्रोकुमोन, आपल्या मेडिकलात मिळत नाही, इकडे वॉरफरिन किंवा एसिट्रोम. अन् हे गोळीला गोळी बदलता येत नाही, मार्कुमार अंगात फार दिवस राहते. म्हणून ताई, भाषांतरात ब्रँडचं नाव तसंच ठेवून बाजूला घटकाचं नाव लिहाच. नुसता ब्रँड पाहून मी काय देऊ?

गडचिरोलीची_सिस्टर

नमस्कार ताई, मी नर्स आहे, नागपूरले जर्मनचा क्लास लावला आहे, बी-टू (जर्मन परीक्षेची पातळी) झालं की तिकडे जायचा विचार आहे. तुमचा धागा दोनदा वाचला. पुसदच्या दादांवरून आठवलं, आमच्या वार्डात सिकलचे (सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट लय. त्यांना हायड्रॉक्सीयुरिया चालू असते. जर्मन पुस्तकात ते नाव सापडतच नव्हतं, मग कळलं की ते त्याला हिड्रॉक्सिकार्बामिट म्हणतात, एकच औषध. एखादा सिकलचा पोरगा तिकडे शिकायले गेला अन् परत आला, तर कागदावर नवीन नाव पाहून इकडे कोणी दोन्ही चालू केलं तर? पांढऱ्या पेशी खाली जातील ना त्याच्या. अन् अजून, तिकडे एएस पॅटर्नवाल्याले (सिकलचा एकच जीन असलेल्याले) 'आनलागेट्रेगर' म्हणतात, आमच्या सरांनी सांगितलं म्हणजे कॅरिअर. मोबाईलमध्ये आनलागे टाकलं तर कारखान्याची यंत्रणा अन् गुंतवणूक असं येते.

ताई, एक विचारायचं होतं. आमच्या म्हाताऱ्या पेशंटचं बोलणं जर्मनमध्ये कसं सांगायचं? उसण भरली, नागीण झाली, हे पुस्तकात नसते.

पऱ्हाटीफूल

सिस्टर, हायड्रॉक्सीयुरियाचं तुम्ही लय मोलाचं सांगितलं, मी माझ्या वहीत लिहून घेतलं.

अन् तुमच्या प्रश्नानं तर मी खूश झाली, कारण इथंच जर्मन मले आपल्या घरची वाटते. उसण भरली त्याला ते हेक्सेनशुस म्हणतात, चेटकिणीचा बाण. कंबर अचानक धरली म्हणजे कोणीतरी मागून मारलं असं त्यांच्या म्हाताऱ्यांना वाटे. इंग्रजीत मात्र लंबेगो. नागीण म्हणजे ग्युर्टेलरोझे, कमरपट्ट्याचा गुलाब, कंबरेभोवती पट्ट्यासारखे लाल फोड येतात म्हणून. आपल्याला त्या पट्ट्यात साप दिसला, त्यांना फूल दिसलं. इंग्रजीत शिंगल्स किंवा हर्पिस झोस्टर. मोतीबिंदू म्हणजे ग्राउअर श्टार, राखाडी श्टार, अन् काचबिंदू म्हणजे ग्र्यूनर श्टार, हिरवा श्टार. हे दोन कधीच घोळू नका, एकात ऑपरेशननं दिसते, दुसऱ्यात गेलेली नजर परत येत नाही. अन् श्टार म्हणजे इथं आकाशातला तारा नाही.

मले सगळ्यात आवडते तो शब्द एन्टत्स्युंडुंग. पेटणं या अर्थाच्या क्रियापदापासून आला. आपण दाह म्हणतो, तोही जळण्याचाच. इंग्रजीतलं इन्फ्लमेशन पण आगीवरूनच. तीन भाषांनी एकच गोष्ट पाहिली, की सुजलेली जागा गरम लागते, लाल होते, जळते. मग जर्मन सोपं होऊन जाते, लुंगनएन्टत्स्युंडुंग म्हणजे फुप्फुसाचा दाह, निमोनिया. हिर्नहाउटएन्टत्स्युंडुंग, मेंदूच्या आवरणाचा दाह, मेनिंजायटिस. खेड्यातला जर्मन म्हातारा आपल्या आजाराचं नाव ऐकून समजते की कुठं काय झालं. इंग्रजीत तेच ग्रीक-लॅटिन झालं की कळत नाही. म्हणून मी पेशंटसाठी करून देते तेव्हा साधं इंग्रजी वापरते अन् डॉक्टरसाठी करते तेव्हा त्यांचे शब्द. एकाच कागदाचे दोन भाषांतरं होऊ शकतात, वाचणारा कोण हे आधी विचारायचं.

फक्त ब्लिंटडार्मपासून सावध. अक्षरशः ते 'आंधळं आतडं', म्हणजे सीकम, मोठ्या आतड्याची सुरुवात. पण ब्लिंटडार्मएन्टत्स्युंडुंग म्हणजे अपेंडिसायटिस. लोकांच्या बोलण्यातलं अन् शरीरशास्त्रातलं तिथं वेगळं होते.

लॅबवाले_काका_यवतमाळ

मी ३१ वर्षं लॅबमध्ये काढली, आता रिटायर. लेकीकडून कागद येतात, ती तिकडे आहे. माझं ऐका, शब्दांपेक्षा आकडे जास्त फसवतात.

त्यांचा स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश टिंब. ३८,९ म्हणजे ३८.९. अन् त्यांचं टिंब म्हणजे हजाराचं. पांढऱ्या पेशी ४.५०० लिहिल्या तर त्या साडेचार नाहीत, साडेचार हजार आहेत. भाषांतरात शब्द बदलले अन् आकडे तसेच ठेवले तर अर्ध काम राहिलं.

दुसरं युनिट. माझ्या लेकीचं बाळंतपण झालं, हिमोग्लोबिन ६,९ आलं. घरी रडारड झाली, तिची आई म्हणे रक्त चढवायले सांगा. मी फोटो नीट पाहिला तर बाजूला मिलिमोल प्रति लिटर लिहिलेलं. जर्मनीतल्या काही लॅब, पूर्वेकडच्या जास्त, हिमोग्लोबिन असं देतात. १.६१ नं गुणायचं, म्हणजे ११.१ ग्रॅम. बाळंतिणीले ठीकच की. साखरेचं मिलिमोल असेल तर १८ नं गुणायचं. पण माझं ठाम मत, भाषांतर करणाऱ्यानं मूळ आकडा अन् मूळ युनिट तसंच ठेवावं, पाहिजे तर बाजूला आपलं लिहावं. मूळ खोडून नवीन लिहू नये, कारण नॉर्मल रेंज मूळ युनिटमध्येच छापलेली असते.

अन् 'क्विक ८५ टक्के' दिसलं तर ते 'जलद' नाही. क्विक हे माणसाचं नाव, त्याच्यावरून रक्त गोठायची टेस्ट, आपली प्रोथ्रॉम्बिन टाइम. तिकडे टक्क्यात देतात, सोबत आयएनआर (त्याच टेस्टचा सगळीकडे सारखा मोजलेला आकडा) असतेच. 'लहान रक्तचित्र' आलं तर घाबरू नका, क्लाइनेस ब्लूटबिल्ट म्हणजे साधं सीबीसी, रक्तपेशींची मोजणी, अन् मोठं म्हणजे डिफरन्शियल काउंटसकट, पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजून. हार्नश्टोफ म्हणजे युरिया अन् हार्नझॉयरे म्हणजे युरिक अॅसिड, यात गल्लत झाली की किडनीवाल्याले गाऊटचं पथ्य सुरू होते.

वरुडचा_संत्रा

ताई, मी वर जे बोललो ते मागे घेतो. तुमचं वाचून साळ्याचे जुने कागद काढले. दोन वर्षांआधी त्याले तपासणीले बोलावलं होतं, मोबाईलनं भाषांतर केलं होतं, 'पेशंटनं दारू न पिता यावं'. आमच्या सासऱ्यांनी तेच धरलं, की पोरगा तिकडे पिऊन राहिला अन् दवाखान्यालेही माहीत आहे. दिवाळीत घरात लय मोठं भांडण झालं, तो मधात वर्षभर बोलला नाही. आता मूळ शब्द पाहिला, एन पासून सुरू होते, दोन टिंबाचा यू. काय आहे तो?

पऱ्हाटीफूल

दादा, तो न्युश्टर्न. त्याचा एक अर्थ शुद्धीत, न प्यायलेला, अन् दवाखान्यात त्याचा अर्थ उपाशीपोटी. रक्त द्यायचं होतं, काही न खाता यायले सांगितलं होतं, एवढंच. साळेबुवांना अन् सासऱ्यांना दोघांनाही हा कागद दाखवा. तुम्ही म्हणत असाल तर मी फोनवर सासऱ्यांना समजावून सांगते, खरंच.

वरुडचा_संत्रा

आजच जातो त्यांच्याकडे. मूळ कागद अन् तुमचं हे लिहिलेलं दोन्ही घेऊन जातो.

गुरुजी_कारंजा

मूळ मुद्दा सोडून थोडं. पऱ्हाटीफूल ताईंनी रिव्हा-रोचींचं नाव घेतलं म्हणून लिहितो. हे इटलीचे डॉक्टर, तुरिन शहरात त्यांनी १८९६ मध्ये दंडाला हवेचा पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र मांडलं. जर्मन लोकांनी त्यांचं नाव अक्षरांत जपलं, बाकीचं बरंचसं जग विसरलं. उलट क्ष-किरण १८९५ मध्ये जर्मनीत रॉन्टगेन यांनी शोधले, ते स्वतः त्याला एक्स म्हणाले, जग एक्स-रे म्हणते अन् जर्मन मात्र आजही 'र्योन्टगेन' म्हणतात. क्षयाचा जंतू रॉबर्ट कोख यांनी २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये जाहीर केला, म्हणून आपल्या आरोग्य केंद्रावर त्या दिवशी क्षयरोग दिनाचा बॅनर लागतो. एके काळी वैद्यकशास्त्र शिकायचं तर जर्मन वाचावंच लागे.

तालुक्याचा_डॉक्टर

गुरुजी, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. ताई, अजून एक सापळा नोंदवून ठेवा. तिकडच्या फॅमिली डॉक्टरच्या कागदावर आजाराच्या कोडमागं एक अक्षर असते. जी म्हणजे पक्कं, व्ही म्हणजे संशय, झेड म्हणजे होऊन गेलेलं, अन् ए म्हणजे तपासून नाही असं ठरलेलं. कोड आय ट्वेंटीवन, अटॅकचा, अन् मागं ए असेल तर अर्थ होतो की अटॅक नाही. ते एक अक्षर गाळलं की निरोगी माणूस हार्ट पेशंट.

अन् 'ओ बे' म्हणजे ओन बेफुंट. बेफुंट म्हणजे तपासणीत सापडलेलं. काही सापडलं नाही, म्हणजे नॉर्मल. माझ्याकडे एका भाषांतरात 'रिपोर्ट उपलब्ध नाही' असं आलं होतं, मी तीच तपासणी पुन्हा करायले लावली, पेशंटचे दीड हजार गेले. मले आजही त्याचं वाईट वाटते.

पऱ्हाटीफूल

साहेब, हे दोन्ही मी छापून टेबलासमोर लावते.

मामाचं सांगते. काल मामेभावाशी बोलली. तो म्हणे भरती करताना वहिनी सोबत होती, तिनं मोबाईलमधला जुन्या कागदाचा फोटो दाखवला होता, फोटोत काय होतं ते आता दोघांनाही आठवत नाही, फोन बदलला. त्यानं वार्डले ईमेल केला आहे. इकडे मामीले म्हटलं, मामी, २०१९ ले मामा कुठं भरती होते का? मामी म्हणे होते ना, सोयाबीन काढणीत, ताप अन् थंडी वाजून येत होती, पाच दिवस सलाईन. मी म्हटलं छाती दुखत होती का? म्हणे छातीचं काही आठवत नाही, लघवीले आग होत होती. तरी कागद पाहिजे. मामी म्हणे कागद पेटीत असतील.

लॅबवाले_काका_यवतमाळ

पोरी, कल्चर रिपोर्ट मिळते का पाहा. लघवीचं कल्चर झालं असेल तर विषय मिटला.

पऱ्हाटीफूल

मंडळी, सापडला. काल दुपारी मी स्वतः गेली मामाकडे. पेटीत सात-बारा, बियाण्याच्या पावत्या, बँकेचं पासबुक, अन् खाली प्लास्टिकच्या थैलीत २०१९ चं डिस्चार्ज कार्ड. यूटीआय विथ फीवर, म्हणजे लघवीच्या मार्गाचा इन्फेक्शन अन् ताप, सोबत काकांनी म्हटलं तसा युरिन कल्चरचा कागद, जंतू ई. कोलाय. ईसीजीपण होता, डॉक्टरांनी त्याच्यावर नॉर्मल लिहिलेलं. अन् रात्री मामेभावाचा मेसेज आला, वार्डच्या डॉक्टरीण बाईंनी लिहून दिलं, हार्नवेग्सइन्फेक्ट.

तेव्हा मी इंग्रजीत लिहिलं, हिस्टरी ऑफ यूरिनरी ट्रॅक्ट इन्फेक्शन, २०१९, अन् खाली भाषांतरकाराची टीप, की मूळ पत्रात तीन अक्षरं आहेत, त्यांचे दोन अर्थ होतात, अन् हा अर्थ जुन्या कार्डावरून अन् पत्र लिहिणाऱ्या दवाखान्याकडून पक्का केला आहे. तपासणीची ओळ पूर्ण शब्दांत. आंगिनाच्या जागी रिकरंट टॉन्सिलायटिस इन चाइल्डहूड. आकड्यांचे स्वल्पविराम बदलले, युनिट तेच ठेवलं. समरी मी टाकली नाही, तो डॉक्टरचा अधिकार आहे.

आज सकाळी वर्धेले गेलो. डॉक्टरांनी दोन्ही इंग्रजी कागद शेजारी ठेवून वाचले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ईसीजी काढला, छाती तपासली, एंजिओग्राफीची चिठ्ठी परत घेतली अन् बीपीची गोळी चालू ठेवायले सांगितली, महिन्यानं पुन्हा दाखवा म्हणाले.

मामांनी बाहेर आल्यावर मले म्हटलं, पोरी, तुझं इंग्रजी मले वाचता येत नाही, मराठीत लिहून दे. एसटी स्टँडवर बसून मी कागदाच्या मागं मोठ्या अक्षरात लिहिलं: निमोनिया झाला होता, बरा झाला. अटॅक आलेला नाही. बीपीची गोळी रोज सकाळी एक. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं अन् मामीले फोन लावला, उद्या वेचणीले बाया सांगून ठेव म्हणून.